सिगारेट सुटली, निकोटीन?

पालघरच्या एक भगिनी विचारतात, "बोइसरच्या कारखान्यांत नोकरीस असलेले आमचे धाकटे भाऊजी सिगारेट सोडून ई-सिगारेट ओढूं लागले आहेत. यास सुटका म्हणावी काय?"

अर्धी म्हणावी. तींत तंबाखू जळत नाहीं, म्हणून डांबर व कार्बन मोनॉक्साइड बहुतांशीं टळतात. इंग्लंडांतील आरोग्यखातें धूम्रपान सोडण्यास तिचा उपयोग सुचवितें. परंतु मेंदूस गुलाम करणारें निकोटीन तेंच राहतें. शिवाय आपल्याकडे २०१९ च्या कायद्यानें तिची विक्री, आयात व साठा हा गुन्हा आहे. चोरून आलेल्या नळींत काय भरलें आहे, हें कोण सांगणार?

निकोटीनचा च्युइंगगम औषधांच्या दुकानांत मिळतो. तो डॉक्टरांच्या सल्ल्यानें घेऊन मात्रा हळूहळू उतरवावी. १८००-११-२३५६ या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो.

पहिले दोन-तीन दिवस तळमळ फार. पुढें दोन-चार आठवड्यांत ती ओसरते. त्या दिवसांत भाऊजी चिडले, तर तो उद्धटपणा नव्हे, दुखणें आहे, असें वडील मंडळींनीं समजावें. बोलणीं खाण्याच्या भीतीनें माणूस गच्चीचा कोपरा धरतो. घरानें सांभाळून घेतलें, तर तो माजघरांत येऊन बसेल.