अधांतरी बी

या सदरात मी एरवी शब्दांविषयी लिहिते, हे माझ्या नेहमीच्या वाचकांना ठाऊकच आहे. दिवाळी अंकासाठी बाईंनी काहीतरी खुसखुशीत द्यावे, अशी संपादकांची इच्छा. आणि मी बसले आहे ज्वारीच्या पेरणीवर लिहायला! पण इलाज नाही. वर्षभर डोक्यात दुसरे काही नाही.

आमचे माहेर मंगळवेढ्याजवळचे. तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये मी पेढे वाटले होते. जणू काही ती ज्वारी मीच पिकवली होती. जमीन काळी आणि खोल, पाऊस मात्र बेताचा. पावसाळ्यात रान मोकळे ठेवायचे, पडेल ते पाणी जिरवायचे आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत जो महिना हाती लागतो त्यात पेरायचे. पुढे पाऊस आला तर आला, नाहीतर साठल्या ओलीवरच कणसे भरायची. मालदांडीचे बी एकराला चार किलो पुरते. ते पुन्हा विकत मिळते. ओल कोणत्या दुकानात मिळणार?

गेल्या भाऊबीजेला ओवाळून झाले आणि सवयीप्रमाणे मी रानाकडे निघाले. भाऊ म्हणाला, "ऊन हाय आक्का, नको जाऊ." तेव्हाच शंका यायला हवी होती. जाऊन पाहते तो दोन हात ज्वारी, मग दोन हात नुसती माती, पुन्हा चार ताटे, पुन्हा माती. म्हाताऱ्याच्या दातांसारखी ओळ! भावजय हळूच म्हणाली, बी खोटे निघाले. आणि त्यावरून हे बाजारात दुकानदाराशी दहा माणसांत भांडून आले. आबांच्या वेळेपासून उधारीवर बी देणारा तो माणूस. त्याचे नि आमचे बोलणेच बंद.

पिशवीच्या तळाशी मूठभर बी उरले होते. ते मी पुण्याला घेऊन आले. शंभर दाणे मोजून ओल्या पंचात गुंडाळले आणि ओट्याच्या कडेला ठेवले. "कसली उसळ?" असे घरातून विचारले गेले. चौथ्या दिवशी मोजले तर एक्याण्णव दाण्यांना मोड! रात्री भावाला फोन केला. बराच वेळ तो काही बोलेना. मग म्हणाला, "म्हंजे रान खोटं म्हणायचं का?"

फेब्रुवारीत काढणी झाली. दरवर्षीच्या तिसरा हिस्सासुद्धा ज्वारी आली नाही. म्हणून या सप्टेंबरात, 'माहेरी कार्य आहे' असे सांगून मी चार दिवसांची रजा काढली. पेरणी हे कार्य नव्हे, असे कोण म्हणेल?

बैल विकले त्याला सहा वर्षे झाली. आता भाड्याचा ट्रॅक्टर येतो आणि त्याच्यामागे भावाने कोणाकडून तरी जुने घेतलेले पेरणीयंत्र लागते. त्याच छपरात आमची तिफण टांगलेली आहे. तिच्या चाड्यावर आईची मूठ असे. मूठ म्हणजे बोटांच्या फटींतून दाणे सारखे सोडण्याची कला. ती सैल सुटली तर दाटी, आखडली तर खंड. नळ्यांतून दाणा खाली जाई आणि फणाने उघडलेल्या ओल्या मातीत पडे.

आबा ऐंशीच्या पुढचे. खाटेवरून फारसे उठत नाहीत. पण त्या सकाळी माझ्या खांद्यावर हात ठेवून बांधापर्यंत आले. ट्रॅक्टरवाल्याने दोन तास ओढून दाखवले. आबा खाली बसले आणि बोटांनी माती उकरू लागले. वितभर उकरल्यावर दाणा सापडला. दोन ढेकळांच्या मध्ये, सुतळीच्या खाटेवर झोपल्यासारखा. खाली पोकळी, वर पोकळी. आबा म्हणाले, "ह्याला पाणी कोण पाजणार?"

मराठीची प्राध्यापिका असून 'अधांतरी' या शब्दाचा अर्थ मला त्या दिवशी कळला. कोरड्या दाण्याला अंकुर फुटण्याआधी आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतके पाणी प्यावे लागते. ते पाणी मातीच्या कणाला चिकटून असते आणि कण दाण्याला टेकला तरच दाण्यात शिरते. मध्ये हवा राहिली की दाणा ओलीच्या शेजारी उपाशी! माझ्या ओल्या पंचाने त्याला चहूकडून मिठी मारली होती, म्हणून तर तो उगवला.

मग यंत्राची झडती सुरू झाली. फणांची टोके झिजून बोथट झाली होती. ती माती चिरण्याऐवजी ढकलत होती, ढेकळे वर काढत होती. नळ्यांची तोंडे फणापासून वर आणि मागे लोंबत होती. दाणा पडेपर्यंत तासात कोरडी माती ढासळून गेलेली. ट्रॅक्टरला जोडणारा वरचा दांडा इतका लांब ठेवला होता की सगळा सांगाडा मागे रेललेला आणि फणांची टोके आकाशाकडे. ओल तीन बोटांवर होती, बी पडत होते एका बोटावर.

आणि माझ्या भावाने आपण होऊन एक कबुली दिली. गेल्या वर्षी पेरणीच्या आदल्या दिवशी त्याने रोटाव्हेटर मारला होता. रान पिठासारखे मऊ झाले, पाहणाऱ्यांनी वाखाणले. पण तेवढ्या फुसफुशीत मातीत बी धरून ठेवणारे काहीच उरले नव्हते. यंदा त्याने ऑगस्टातच कुळव घातला होता आणि मधल्या पावसाने माती आपोआप बसली होती. म्हणजे हा माणूस वर्षभर मनात हिशेब करीत होता. मला मात्र बोलला नव्हता.

लोहाराने फणांना नवी टोके बसवून दिली. नळ्या खाली ओढून तारेने फणालगत बांधल्या. वरचा दांडा आखूड केला. खरा तंटा झाला तो ट्रॅक्टरवाल्याशी. तो एकरावर पैसे घेतो; सावकाश चालला तर त्याचेच नुकसान. वेगात चालले की फण उड्या मारतात आणि माती लांब फेकली जाते, हे त्यालाही कळत होते. पण त्याच्या घरीही चूल आहे. शेवटी तासावर भाडे ठरले. जास्त पडले खरे. भावाने दोनदा तोंड वाकडे केले, भावजयीने मात्र पदराच्या गाठीतून पैसे काढून दिले.

पेरणीमागून आबांनी जुना मैंद ओढायला लावला, वर वाळूची दोन पोती. कोवळ्या बियांवर एवढे वजन! मला काही बघवेना. "आबा, गुदमरतील की!" मी म्हणाले. आबा हसले. वरची माती कोरडी असताना दाबली की ती दाण्याला बिलगते, खालची ओल त्याच्यापर्यंत येते. हेच ओल्या रानात केले तर वर पापडी धरते आणि कोंब खालीच मरतो. कधी दाबायचे नि कधी नाही, याला आमच्याकडे एकच शब्द: वाफसा. धड ओले नाही, धड कोरडे नाही. वर्गात मी हा शब्द वीस वर्षे शिकवते आहे. परीक्षेत मुले 'वाफ' असा अर्थ लिहितात आणि मी अर्धा गुण देते. यापुढे सगळ्यांना मूठभर माती आणून द्यावी म्हणते.

बी कुठून आणले ते मी विचारले नव्हते. निघायच्या दिवशी भावजयीनेच सांगितले. हे त्याच दुकानात गेले, बराच वेळ नुसते उभे राहिले आणि म्हणाले, "गेल्या सालचंच बी द्या." दुकानदाराने पिशवी दिली, वहीत उधारी मांडली आणि चहा सांगितला. त्याउपर कोणी काही बोलले नाही.

सातव्या दिवशी पुण्याला फोन आला. भावाने एका ओळीत दहा पावलांतले कोंब मोजले होते, मग दुसऱ्या ओळीत, मग तिसऱ्या. आकडे त्याने शाळेतल्या मुलासारखे वाचून दाखवले. मागून आबा ओरडत होते, "कडंचं तास मोजलं का? कडंचं?"

"आक्का," फोन ठेवताना तो म्हणाला, "यंदाच्या ओवाळणीला पोतं न्हाई बघ. पण रानात चल. ऊन असलं तरी चल."