गावासाठीची योजना गावाला विचारून ठरते का? ग्रामसभा आणि सोशल ऑडिट का महत्त्वाचं आहे?

पाण्याची टाकी बांधून होते. उद्घाटनाचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरतात. पण वरच्या वस्तीत पाणी चढतच नाही. कागदावर मात्र काम 'पूर्ण' असतं.

अशा तक्रारी अनेक गावांतून ऐकू येतात. टाकी किती लिटरची, खर्च किती झाला याची नोंद होते. पाणी कुणापर्यंत पोहोचलं, हे वस्तीत जाऊन विचारलं जातंच असं नाही.

आपल्याकडे 'लोकसहभाग' म्हटलं की लोकवर्गणी आणि श्रमदान आठवतं. म्हणजे लोकांनी पैसे द्यायचे, घाम गाळायचा. पण काम कोणतं करायचं आणि ते नीट झालं का, हे ठरवण्यात त्यांचा वाटा किती?

कायदा काय सांगतो?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान 4 ग्रामसभा घ्याव्या लागतात. त्याआधी महिलांची वेगळी सभा व्हायला हवी.

गणपूर्तीसाठी 15 टक्के मतदार किंवा 100 मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. समजा, गावात 3,000 मतदार आहेत. तिथे 100 जण आले तरी सभा वैध ठरते, म्हणजे दर 30 मतदारांमागे एक. तेवढेही आले नाहीत तर सभा तहकूब होते आणि पुन्हा बोलावलेल्या सभेला गणपूर्तीची अट नसते.

त्यामुळे मोजक्या लोकांच्या उपस्थितीत वर्षभराचा विकास आराखडा मंजूर होऊ शकतो. सभेची वेळ मजुरीची असेल, तर ज्यांना योजनेची सर्वांत जास्त गरज आहे तेच गैरहजर राहतात.

गावाच्या हातात नेमकं किती असतं?

15 व्या वित्त आयोगाने 2021-22 पासून पंचायतींना दिलेल्या निधीत 60 टक्के वाटा पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधील होता. उरलेला 40 टक्के स्थानिक गरजांसाठी. म्हणजे काही प्राधान्यक्रम वरूनच ठरून येतात. तरीही पाइपलाइन आधी कोणत्या वस्तीत न्यायची, हे गाव ठरवू शकतं. खरा वाद तिथेच असतो.

काम झाल्यावर तपासणार कोण?

1994 मध्ये राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई सुरू केली. सरकारी कामांची बिलं आणि मजुरांच्या हजेरीच्या नोंदी गावासमोर मोठ्याने वाचल्या जात. कुणाचं नाव खोटं आणि कोणतं काम फक्त कागदावर, हे ऐकणाऱ्यांना लगेच कळत असे. त्यासाठी इंजिनीअर असण्याची गरज नव्हती.

याच चळवळीने माहिती अधिकाराच्या मागणीला बळ दिलं. पुढे 2005 च्या रोजगार हमी कायद्यातल्या कलम 17 ने सोशल ऑडिटचा, म्हणजे सामाजिक अंकेक्षणाचा अधिकार ग्रामसभेला दिला. हजेरीपट, बिलं, मोजमाप पुस्तिका दाखवणं बंधनकारक झालं. मेघालयने 2017 मध्ये सोशल ऑडिटसाठी स्वतंत्र कायदाच केला.

मग हे जमतं कुठे?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारचं उदाहरण पाहा. इथे पाऊस आणि भूजलाची पातळी मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पिण्याचं पाणी आधी बाजूला काढलं जातं आणि उरलेल्या पाण्यावर पिकं ठरतात. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, हा नियमही गावानेच केला.

इथे नियोजन आणि मूल्यमापन वेगळं राहत नाही. यंदाचा हिशेब हाच पुढच्या वर्षीच्या आराखड्याचा पाया असतो.

अर्थात, ग्रामसभा म्हणजे जादूची कांडी नाही. गावातल्या वजनदार मंडळींसमोर गरीब माणूस किंवा एखादी बाई बोलायला कचरते. म्हणूनच महिलांची आणि वस्तीपातळीवरची सभा आधी होणं गरजेचं आहे.

तुम्ही काय करू शकता?

'ई-ग्रामस्वराज' या सरकारी संकेतस्थळावर तुमच्या ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च पाहता येतो. पुढच्या ग्रामसभेआधी तो पाहा आणि दोनच प्रश्न घेऊन जा: हे काम कुणाच्या मागणीवरून घेतलं? आणि ज्यांच्यासाठी केलं, त्यांना त्याचा उपयोग होतोय का? उत्तर मिळालं की ते इतिवृत्तात नोंदवायला सांगा. नोंद झाली, तर पुढच्या सभेत त्याचा जाब विचारता येतो.