अशनींचा बाजार आणि शोधणाऱ्याचा वाटा

न्यूयॉर्कच्या सोदबीज लिलावगृहात १६ जुलै २०२५ रोजी एक दगड, लिलावगृहाचे शुल्क धरून, सुमारे ५३ लाख डॉलरना विकला गेला. दगडाचे वजन २४ किलो ६७० ग्रॅम. म्हणजे ग्रॅमला जवळजवळ २१५ डॉलर, त्या सुमाराच्या सोन्याच्या भावाच्या दुप्पट! पृथ्वीवर सापडलेल्या मंगळाच्या तुकड्यांपैकी हा सर्वांत मोठा तुकडा नोव्हेंबर २०२३ मध्ये नायजर देशाच्या अगादेझ प्रांतातील वाळवंटात मिळाला होता. लिलावाची वार्ता पसरल्यावर, हा दगड देशाबाहेर गेला कसा याची चौकशी नायजर सरकारने आरंभिली आणि मौल्यवान खडे व अशनी यांची निर्यात स्थगित केली. सर्व सोपस्कार रीतसर पार पडले होते, असे लिलावगृहाचे म्हणणे.

आकाशात क्षणभर चमकून विझते ती उल्का आणि जमिनीपर्यंत पोहोचतो तो अशनी, हा भेद शालेय पुस्तकांतून आपण शिकलेलो आहोत. या अशनींचा संग्रह करणारे हौशी लोक जगभर आहेत. टपाल तिकिटांप्रमाणे त्यांची देवघेव होते, अमेरिकेत टूसॉन येथे दरवर्षी खनिजांचा जो मोठा बाजार भरतो त्यात अशनींची दुकाने लागतात, आणि साधा दगडी अशनी ग्रॅमला एकदोन डॉलरलाही मिळू शकतो. वरवर पाहता ही श्रीमंत देशांतील निरुपद्रवी हौस आहे. तथापि तिच्या मागे मालकी, माहिती आणि मोबदला यांविषयीचे जे प्रश्न दडलेले आहेत, ते अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला आणि भारतीय नागरिकालाही टाळता येण्याजोगे नाहीत.

भारतीय नागरिकाला म्हणण्याचे कारण असे की, न्यूयॉर्कला विकला गेलेला तो दगड ज्या वर्गात मोडतो त्याचे नाव ‘शेरगोटाइट’ आहे, आणि हे नाव बिहारमधील गया जिल्ह्यातील शेरघाटीवरून पडले आहे. तेथे २५ ऑगस्ट १८६५ रोजी सुमारे पाच किलोचा एक अशनी पडला. असले दगड मंगळावरचे आहेत हे समजण्यास मात्र शंभराहून अधिक वर्षे जावी लागली. अंटार्क्टिकात मिळालेल्या अशाच एका अशनीत कोंडलेला वायू आणि व्हायकिंग यानांनी १९७६ साली मोजलेले मंगळाचे वातावरण यांचा मेळ १९८३ मध्ये जुळला, तेव्हा ती गोष्ट पक्की होत गेली. आज ज्ञात असलेल्या सुमारे चारशे मंगळ-अशनींपैकी बहुसंख्य शेरगोटाइट आहेत. शेरघाटीच्या दगडाचा मुख्य भाग कोलकात्याला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात सुरक्षित आहे.

आता बाजाराकडे वळू. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन दाखविले की, विकणाऱ्याला मालाची पारख आहे आणि घेणाऱ्याला ती नाही, अशा ठिकाणी निकृष्ट माल उत्कृष्टाला हुसकून लावतो. अशनींच्या बाबतीत ही अडचण पराकोटीची आहे. काळी वितळलेली साल, अंगठ्याने दाबल्यासारखे खळगे, आकाराच्या मानाने जास्त वजन आणि लोहचुंबकाचे आकर्षण ही ढोबळ लक्षणे; परंतु अशनी म्हणून तपासणीला येणारे बहुतेक दगड पृथ्वीवरचेच निघतात. कित्येकदा तर ती लोखंडाच्या भट्टीतील मळी असते! खरी ओळख प्रयोगशाळेत खनिजांच्या व निकेलच्या तपासणीनेच पटते. म्हणून आंतरराष्ट्रीय मीटिऑरिटिकल सोसायटीच्या नामकरण समितीची मान्यता हेच या व्यापारातले हॉलमार्क ठरले आहे. ही मान्यता हवी असेल तर दगडाचा पाचवा हिस्सा किंवा वीस ग्रॅम, यांपैकी जे कमी असेल ते, मान्यताप्राप्त संस्थेत कायमचे ठेवावे लागते. बाजाराने विज्ञानाला भरलेला हा एक प्रकारचा करच म्हणावयाचा. व्यवस्था चतुर आहे, यात संशय नाही. शिवाय सहाराच्या वाळवंटातून भटक्या जमातींनी जे हजारो अशनी वेचून आणले, ते कोणत्याही विद्यापीठाच्या मोहिमेला इतक्या अल्प खर्चात मिळाले नसते. त्यांना वाळवंटात उतरविले ते किमतीच्या आशेने, हे मान्य केले पाहिजे.

परंतु या कराचे माप तोकडे आहे. २४ किलोच्या दगडामागे विज्ञानाच्या पदरात सक्तीने पडतात ते वीस ग्रॅम. आणि जे हरवते ते ग्रॅममध्ये मोजता येत नाही. न्यूयॉर्कच्या त्या दगडाचे अधिकृत नाव आहे ‘नॉर्थवेस्ट आफ्रिका १६७८८’. शेरघाटीच्या दगडाला गावाचे नाव मिळाले, याला खंडाचा एक कोपरा आणि एक क्रमांक. वाळवंटातील हे दगड अनेक हातांतून फिरत येतात. नेमके ठिकाण कित्येकदा ठाऊक नसते, आणि ठाऊक असले तरी आपली खाण दुसऱ्याला कोण सांगणार? दुसरी हानी पारख करताना होते. २०११ साली मोरोक्कोत विकत घेतलेला ‘ब्लॅक ब्यूटी’ नावाचा अशनी मंगळाच्या प्राचीन चुंबकत्वाचा साक्षीदार ठरू शकला असता. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले की, पारखण्यासाठी लावलेल्या हातातल्या चुंबकांनीच त्याची मूळ चुंबकीय नोंद पुसली गेली आहे.

मग बंदी हा उपाय आहे काय? कायद्यांची कथा मनोरंजक आहे. अमेरिकेतील आयोवा राज्यात १८९० साली एका शेतात सुमारे तीस किलोचा अशनी पडला. गवतासाठी जमीन खंडाने घेतलेल्या कुळाच्या संमतीने एकाने तो खणून काढला आणि १०५ डॉलरना विकला. जमीनमालक न्यायालयात गेला. १८९२ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, नदीने आणून टाकलेल्या गाळाप्रमाणे हा दगडही जमिनीचाच भाग झाला, सबब तो मालकाचा. खणणाऱ्याच्या हाती काही उरले नाही. (कूळकायद्याच्या मुलखात वाढलेल्या आपल्या वाचकांना या निर्णयाची चव कळेल.) दुसऱ्या टोकाला अर्जेंटिनाने २००७ साली अशनी ही राष्ट्राची सांस्कृतिक संपत्ती असल्याचा कायदा केला. तरीही तेथील काम्पो देल सिएलोचे लोखंडी तुकडे आजही जगभर खुशाल विकले जातात. शोधणाऱ्याला कायदेशीर किंमत शून्य आणि चोरट्या बाजारात भरघोस, अशी स्थिती असेल तर दगड कोणत्या दिशेने जाईल हे सांगावयास नको.

डेन्मार्कने १९९० पासून निराळी वाट धरली आहे. तेथे असाधारण महत्त्वाचे जीवाश्म व अशनी सापडल्यास ते राष्ट्रीय संग्रहात जमा करावे लागतात. पण आणून देणाऱ्याला त्याचे मोल मिळते. २०१६ च्या फेब्रुवारीत कोपनहेगनच्या परिसरात अशनी पडले, तेव्हा नागरिकांनी वेचलेले तुकडे याच मार्गाने संग्रहालयात पोहोचले.

आपल्याकडे अशनींच्या जतनाचे काम भूवैज्ञानिक सर्वेक्षणाकडे आहे. गुजरातेत ढजाला येथे १९७६ च्या जानेवारीत, राजस्थानात जयपूरजवळ मुकुंदपुरा येथे २०१७ साली, आणि गुजरातेतच दियोदर येथे १७ ऑगस्ट २०२२ रोजी पडलेले अशनी संशोधकांच्या हाती आले. त्यांतील दियोदरचा अशनी ‘ऑब्राइट’ या दुर्मिळ वर्गातला. त्याआधीचा भारतातील ऑब्राइट १८५२ साली बस्ती येथे पडला होता. दियोदरचा अशनी ऐन पावसाळ्यात पडला, हेही ध्यानात घ्यावे. काही दिवसांचा विलंब आणि चार सरी एवढ्याने असल्या दगडाची रासायनिक साक्ष बिघडू लागते. तेव्हा तो ज्याच्या अंगणात पडतो त्या माणसाने तो तत्काळ आणून देणे यावर सारे अवलंबून असते. त्याने तो का आणून द्यावा, याचे उत्तर देशप्रेम एवढेच असेल तर ते तोकडे पडेल. त्याच्याही हातात आता भ्रमणध्वनी आहे आणि ५३ लाख डॉलरची बातमी त्यानेही वाचली आहे.

या वातावरणात ठगांचेही फावते. तांदूळ ओढून घेणारे ‘राइस पुलर’ भांडे परदेशी अंतराळसंस्था कोट्यवधींना घेते, अशा थापांना बळी पडलेली सुशिक्षित मंडळी आपल्या राज्यातही आहेत. लोणारच्या नावाचाही असा उपयोग होऊ शकतो. तेथील सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर अशनिपाताने झाले हे खरे. पण तो अशनी आघाताच्या उष्णतेत नष्ट झाला आणि त्याचा ओळखता येईल असा तुकडा मिळालेला नाही. लोणारची अस्सल उल्का म्हणून कोणी काळा दगड पुढे केला, तर तो बहुधा आपल्या सह्याद्रीचाच काळा पाषाण असेल.

भूवारसा स्थळे व भू-अवशेष यांच्या संरक्षणासाठी केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२ मध्ये एका विधेयकाचा मसुदा सूचनांसाठी प्रसिद्ध केला होता. भू-अवशेषांत अशनींचाही समावेश त्यात केलेला आहे. असा कायदा करताना शिक्षेच्या कलमांइतकेच लक्ष मोबदल्याच्या कलमाकडे द्यावे लागेल. दगड जमा केल्यावर पावती, ठराविक मुदतीत तपासणी, अस्सल ठरल्यास वर्गानुसार रक्कम, आणि ती जमीनमालक व शोधणारा यांच्यात विभागून; कूळ किंवा शेतमजूर असेल तर त्याचा हिस्सा स्पष्टपणे लिहिलेला. देशात पडून हाती लागणारे अशनी वर्षाकाठी फार थोडे असतात. सरकारला हा खर्च जाणवणारही नाही. न्यूयॉर्कच्या भावाशी स्पर्धा करण्याचेही कारण नाही. खेड्यातल्या माणसाला दलालापेक्षा तालुक्याची कचेरी बरी वाटेल, इतकी रक्कम पुरेशी आहे. आणि दगडाच्या नोंदीत गावाच्या नावाबरोबर, त्याची हरकत नसेल तर, तो आणून देणाऱ्याचेही नाव घालावे.