पडद्यावरचा डॉक्टर आणि पाड्यावरचा रोगी

ठाणे, कल्याण, डोंबिवली येथे नाक्यानाक्यावर बहुमजली इस्पितळे उभी आहेत. त्याच जिल्ह्यात, शहापूरच्या डोळखांब किंवा मुरबाडच्या टोकावडे परिसरातील कातकरी-ठाकरांच्या कित्येक पाड्यांवर मात्र आजारी माणसाला आधी डोंगर उतरून गाडीरस्ता गाठावा लागतो. २०१४ पर्यंत मोखाडाही आपल्याच जिल्ह्यात होता. तेथील एका पाड्यावर ऑगस्ट २०२२ मध्ये जुळी बाळे दगावली आणि रक्तस्राव होत असलेल्या बाळंतिणीला झोळीतून न्यावे लागले.

या दुखण्यावर आता दूरचिकित्सेचा उतारा सांगितला जातो. केंद्र सरकारची ‘ई-संजीवनी’ नोव्हेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. मार्च २०२० मध्ये नियमावलीही आली. उपकेंद्रातील कर्मचारी रोग्याला पडद्यासमोर बसवतो, दूरचा डॉक्टर विचारपूस करून औषध लिहून देतो. योजना उत्तम आहे. तिला नाके मुरडणाऱ्या काही विद्वान मित्रांशी आम्ही मुळीच सहमत नाही. रक्तदाब, मधुमेह, सिकलसेल, मनाचे आजार यांच्या नेहमीच्या विचारपुशीसाठी मोलमजुरी करणाऱ्याने दिवसाची मजुरी का बुडवावी?

आमचे भांडण आहे ते, आता पाड्यांकडे डॉक्टर पाठवण्याची गरजच उरली नाही, असे सुचवणाऱ्यांशी. सर्पदंश झालेल्याला पडदा प्रतिविष टोचत नाही. अडलेल्या बाळंतिणीला तो हात देत नाही. तातडीच्या रोग्याला प्रत्यक्ष उपचारांकडे पाठवावे, असे ती नियमावलीच सांगते. पाठवायचे कशातून? रस्त्याचे काय? आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० वस्तीमागे उपकेंद्र आणि २०,००० वस्तीमागे प्राथमिक आरोग्य केंद्र हा सरकारचाच निकष आहे. केंद्रात माणूस नसेल तर पडद्यासमोर रोग्याला बसवणार कोण? वीज आणि मोबाइलची रेंज तर नेमकी पावसाळ्यात दगा देतात, जेव्हा ओढे भरून वाटा तुटलेल्या असतात. १९९२ साली जव्हारच्या वावर-वांगणीत बालके कुपोषणाने मेली. भुकेचे निदान करायला कोणते यंत्र लागणार होते?

आणखी एक गोष्ट शहरी योजनाकारांच्या ध्यानात येत नाही. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे कल्याण-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर येतात. गरोदर बाईची नोंद गावात राहते आणि बाई असते भट्टीवर. तिची नोंद तिच्याबरोबर फिरली, तर दूरचिकित्सेचे मोल खरे. आपल्या इमारतींच्या, कदाचित आपल्या चर्चच्याही, भिंतीत तिच्या हातच्या विटा आहेत. मुरबाडची गावे बुडवून बांधलेल्या बारवी धरणाचे पाणी आपल्या नळांना येते. तेव्हा हा परोपकाराचा प्रश्न आहे असे कोणी म्हणू नये.

आपल्या धर्मग्रामांत डॉक्टर आहेत, निवृत्त परिचारिका तर घरोघरी आहेत. त्यांनी एखाद्या रविवारी मिस्सानंतर जवळच्या भट्टीवर जाऊन यावे. इतरांनी जिल्हा परिषदेला लेखी विचारावे की, शहापूर-मुरबाडच्या कोणत्या उपकेंद्रांत आज कर्मचारी हजर आहे, कोणत्या कपाटात सर्पदंशावरचे औषध आहे आणि रुग्णवाहिका किती वेळात पोहोचते. उत्तर आले नाही, तर पुन्हा विचारावे.