आयपीस कपाटात ठेवला आणि…



दुर्बीण घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "किती पट मोठे दिसते?" दुकानदारही खोक्यावरचा मोठा आकडा दाखवून मोकळा होतो. खरे म्हणजे पट ठरवतो तो आयपीस. ज्याला आपण डोळा लावतो ते भिंगांचे लहानसे नळकांडे. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागायचे. आमच्या चाळीच्या गच्चीवरील सहा इंची दुर्बिणीचे नाभीय अंतर १२०० मिलिमीटर. तिला १० मिलिमीटरचा आयपीस लावला की १२० पट. इतका सोपा हिशेब.

मग १० मिलिमीटरचाच एक आयपीस दीड-दोन हजारांत आणि दुसरा २५ हजारांच्या पुढे, असे का? स्वस्तातला बहुधा प्लॉसल जातीचा असतो. व्हिएन्नाच्या प्लॉसल यांनी १८६० साली ही रचना केली, आणि ती आजही चांगलीच आहे. त्यात दिसणारे वर्तुळ साधारण ५० अंशांचे भासते. महागड्यात नाव घ्यावे ते अल नागलर यांचे. चंद्रावर उतरण्याचा सराव अंतराळवीर ज्या यंत्रावर करीत, त्याच्या भिंगांचे काम या गृहस्थांनी केले होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी ८२ अंशांचा आयपीस बाजारात आणला.

आमच्या दुर्बिणीला मोटर नाही, आणि पृथ्वी काही थांबत नाही. प्लॉसलमध्ये गुरू या कडेपासून त्या कडेपर्यंत सुमारे १०० सेकंदांत निघून जातो. ८२ अंशांच्या आयपीसमध्ये तो १६० सेकंद राहतो. मागे चाळीस पोरे रांगेत उभी असताना या एका मिनिटाचे मोल मी काय सांगू! म्हणून आम्ही पाच जणांनी वर्गणी काढली, दिवाळीचा बोनस घातला आणि परदेशी आयपीस मागवला.

आणि इथेच आमची बुद्धी फिरली. वस्तू महाग, तेव्हा पोरांच्या काजळाची, केसांच्या तेलाची आम्हाला धास्ती. पोरांना जुना प्लॉसल दिला आणि नवा मखमली पिशवीत गुंडाळून कपाटात कुलूपबंद केला. पावसाळा गेल्यावर पिशवी उघडली, तर आतल्या भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. बुरशी! ती भिंगाचा लेप खाते. कॅमेरे दुरुस्त करणाऱ्याने हात जोडले. आत सहा-सात भिंगे, उघडली तर पुन्हा जुळणार नाहीत म्हणाला. आजही चंद्र त्यातून बरा दिसतो, गुरूभोवती मात्र धुके.

जुना प्लॉसल खरोखरच तेलकट झाला होता. त्यात डोळा भिंगाच्या सात-आठ मिलिमीटर जवळ न्यावा लागतो, पापणी टेकणारच. पण तो साफ झाला. कसा ते सांगतो.

चार कण धूळ दिसली म्हणून पुसायला धावू नये. धुळीने चित्र बिघडत नाही, पुसण्याने भिंगावर ओरखडे उठतात. रुमाल, सदऱ्याचे टोक, पदर, काही नको. तोंडाने फुंकर मारली तर थुंकी उडते. कॅमेऱ्याच्या दुकानात रबरी फुगा मिळतो, भिंग खाली तोंड करून त्याने हवा मारावी. मग मऊ ब्रश. एवढ्यावर भागले तर तिथेच थांबावे. तेलकटपणा उरलाच, तर शुद्ध आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब कापसावर घ्यावेत. भिंगावर ओतू नयेत, ते कडेने आत शिरते. मधून बाहेर, न दाबता, हलक्या हाताने फिरवावे आणि प्रत्येक वेळी बोळा नवा. नखांचे पॉलिश काढायचे द्रव चुकूनही वापरू नये, त्यातील ॲसिटोन प्लॅस्टिक विरघळवते.

जुना आयपीस विकत घेताना तो तिरपा धरून टॉर्चने आत बघावे. धागे दिसले तर फुकटही घेऊ नये.

हल्ली आमचे दोन्ही आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत असतात. निळे दाणे गुलाबी झाले की ओल धरली असे समजायचे. स्वयंपाकात न लागणाऱ्या जुन्या तव्यावर मंद आचेवर गरम केले की पुन्हा निळे होतात. आणि डबा दर शनिवारी गच्चीवर जातो. मागच्या महिन्यात प्लॉसल पुसला तेव्हा काजळाने चार बोळे काळे झाले.