आता या वयात काय?

"आता या वयात काय करायचंय?" हे आपल्याकडचं सर्वांत क्रूर वाक्य आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. शिवी माणूस विसरतो. हे वाक्य मात्र ऐकणारा खरं मानून बसतो.

देश स्वतंत्र झाला तेव्हा सरासरी आयुर्मान जेमतेम ३२ वर्षे होतं, आज ते ७० च्या घरात आहे. मी मराठीचा मास्तर, गणिताचा नव्हे. तरी त्या ३२ मागे बालमृत्यू होते, एवढं मला कळतं. पण आज साठी गाठलेला माणूस सरासरीने आणखी १७-१८ वर्षे जगतो, त्याचं काय? आयुष्य लांबलं, वेळापत्रक जुनंच राहिलं. पंचविशीपर्यंत शिक्षण, अठ्ठावन्नपर्यंत नोकरी, पुढे बागेतला बाक. बायकांचं तर त्याआधीच उरकतं. मुलं मार्गी लागली, की "आता देवधर्म करा" सांगणारे हजर!

धोंडो केशव कर्वे १९१४ मध्ये फर्ग्युसन कॉलेजातून निवृत्त झाले आणि १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं. वय ५८! त्याच वयात मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ मिळालं. "सगळेच कर्वे नसतात हो," असं कोणी म्हणेल. मान्य. विद्यापीठ काढू नका, पण निदान कुणाला विद्यापीठात नाव तरी घालू द्या.

हे मी कुणाला सुनावतोय? आधी स्वतःलाच. मॅट्रिकनंतर लग्न झालं आणि आमच्या हिचं शिक्षण थांबलं. २००० साली, वयाच्या ४७ व्या वर्षी, तिने मुक्त विद्यापीठाचा फॉर्म आणला. मी पेपर तपासत होतो. मान वर न करता म्हणालो, "आता या वयात काय?" तिने फॉर्मची घडी घातली आणि फळीवर डब्यांखाली अंथरली. वाद नाही, रुसवा नाही.

त्याला २५ वर्षे होऊन गेली. तीन वर्षांची पदवी आठ वेळा झाली असती! जन्मभर दुसऱ्यांच्या मुलांना 'शिका' म्हणणाऱ्या मास्तराने घरात हे केलं.

परवा धीर करून विचारलं, "आणू का फॉर्म?" ती हसली. "अहो, आता डोळे साथ देत नाहीत."

तेव्हा मंडळी, घरात कोणी पन्नाशीत पेटी, पोहणं, परीक्षा, काहीही शिकायचं म्हटलं, तर आधी मान वर करा. आणि एवढंच विचारा, "फी किती आहे?"