विश्लेषण : आशियातल्या क्रूझवरची भाषा, जेवण आणि शेजारी बंदरच कसे ठरवते?

मुंबईकरांना 'कॉर्डेलिया'मुळे माहीत झालेले 'एम्प्रेस' हे जहाज १९९० मध्ये सेवेत आले तेव्हा त्याचे नाव 'नॉर्डिक एम्प्रेस' होते. मायामीहून निघायचे, बहामा बेटांवर जायचे, तीन-चार रात्रींत परत यायचे, हा त्याचा दिनक्रम. २००८ ते २०१६ या काळात ते पुलमांतूर या स्पॅनिश कंपनीकडे होते आणि त्याचा बहुतेक प्रवासीवर्ग स्पॅनिश बोलणारा होता. २०२१ मध्ये ते मुंबईहून प्रवासी नेऊ लागले. आता तिथे हिंदी-इंग्रजी कानावर पडते आणि जैन जेवणही मिळते. पोलादी सांगाडा तोच, डेकची रचनाही जवळपास तीच. बदलले ते बंदर.

सुट्टीच्या तोंडावर 'सिंगापूर विथ क्रूझ' अशा जाहिराती मोबाइलवर सुरू होतात. त्यात पोहण्याचा तलाव, घसरगुंडी, समुद्र दिसणारी बाल्कनी असे सगळे दिसते. पण जहाजावर कोणती भाषा चालेल, आजीला वरण-भात मिळेल का आणि शेजारच्या टेबलावर कोण बसलेले असेल, हे त्यात नसते. बरोबर ज्येष्ठ नागरिक असतील, तर सहल सुखाची होणार की नाही हे बऱ्याचदा याच तीन गोष्टींवर ठरते.

जहाजाचा तळ म्हणजे काय?

क्रूझ ज्या बंदरातून प्रवासी घेऊन निघते आणि फिरून जिथे परत येते, त्याला होमपोर्ट म्हणतात. मराठीत जहाजाचा तळ म्हणता येईल. आशियातल्या बऱ्याच फेऱ्या तीन ते पाच रात्रींच्या असतात. एवढ्या छोट्या सहलीसाठी अर्धे जग ओलांडून फार कोणी येत नाही. केबिन भरतात त्या बंदराच्या आसपास राहणाऱ्यांनी किंवा काही तासांच्या विमानप्रवासाच्या टापूतून आलेल्यांनी. ही गर्दी पाहून कंपनी उद्घोषणेच्या भाषा, बुफेतले पदार्थ आणि संध्याकाळचे कार्यक्रम ठरवते.

'स्पेक्ट्रम ऑफ द सीज' हे त्याचे चांगले उदाहरण. रॉयल कॅरिबियनने २०१९ मध्ये हे जहाज चिनी प्रवासी डोळ्यांसमोर ठेवून शांघायला आणले. त्यावर सिचुआन पदार्थांचे वेगळे रेस्टॉरंट आहे, कराओकेच्या खोल्या आहेत. करोनाकाळात चीनमधल्या फेऱ्या बंद पडल्या आणि २०२२ मध्ये हेच जहाज सिंगापूरला हलवले गेले. २०२४ मध्ये ते पुन्हा शांघायला गेले. त्यामुळे २०२३ मध्ये सिंगापूरहून जाऊन आलेल्या मावशींनी 'आपले जेवण मिळते, काही काळजी नको' असे सांगितले असेल, तर ते खरेच होते. पण त्या भरवशावर त्याच जहाजाचे शांघायहून तिकीट काढले, तर अनुभव वेगळा असेल.

'नॉर्वेजियन जॉय'ची गोष्ट याच्या पुढची. २०१७ मध्ये चिनी बाजारपेठेसाठी आलेले हे जहाज दोनच वर्षांत अमेरिकेकडे वळवण्यात आले. त्यासाठी सुमारे ५ कोटी डॉलर खर्चून आतली दालने बदलावी लागली. प्रवासी बदलले की मेनूकार्ड बदलून भागत नाही, जागाच नव्याने मांडावी लागते, हे कंपनीला महागात कळले.

सिंगापूर भारतीयांना सोपे का वाटते?

कारण सिंगापूर शहरच तसे आहे. इंग्रजी, मँडरिन, मलय आणि तमिळ या तिथल्या चार अधिकृत भाषा. शहराच्या खाऊगल्ल्यांत मलय नासी लेमाकच्या शेजारी डोसा मिळतो. तिथून सुटणाऱ्या जहाजाला ही सरमिसळ नवी नसते.

'गेंटिंग ड्रीम' हे जहाज पाहू. मूळ मालक गेंटिंग हाँगकाँग ही कंपनी २०२२ च्या सुरुवातीला बुडाली आणि त्याच वर्षी हे जहाज रिसॉर्ट्स वर्ल्ड क्रूझेस या नव्या नावाखाली सिंगापूरहून सुरू झाले. कंपनीने त्यासाठी हलाल मानकाचे प्रमाणपत्र घेतले आणि भारतीय शाकाहारी व जैन जेवणाची सोयही ठेवली. मलेशिया, इंडोनेशियाचे मुस्लिम प्रवासी आणि गुजरात-महाराष्ट्रातले शाकाहारी प्रवासी, दोघांनाही 'हे कशात शिजवले?' हा प्रश्न महत्त्वाचा असतो. किचनमध्ये भांडी आणि जागा वेगळी ठेवण्याची शिस्त एकदा लागली, की तिचा फायदा दोघांनाही होतो. मासे-मटण खाणाऱ्या पण डुक्कर न खाणाऱ्या मराठी माणसालाही हलाल विभाग सोयीचा पडतो.

डिस्नेनेही आशियातला पहिला तळ म्हणून सिंगापूरच निवडले. 'डिस्ने ॲडव्हेंचर' हे जहाज मुळात गेंटिंगसाठी जर्मनीतल्या विस्मार इथे बांधले जात होते. मालक कंपनी बुडाल्यावर ते अर्धवट राहिले आणि २०२२ मध्ये डिस्नेने ते विकत घेतले. त्यावर भारतीय पदार्थांसाठी मोगलीच्या नावाचे उपाहारगृह जाहीर झाले, यावरून कंपनीचे लक्ष कोणत्या प्रवाशांकडे आहे ते कळते.

तरी एक खाच-खळगा आहेच. बुफेत 'सांबल' लिहिलेले दिसले, तर ते सांबार नव्हे. सांबल ही मलय मिरचीची चटणी असते आणि तिच्यात अनेकदा सुक्या कोळंबीपासून केलेले बेलाचान मिसळलेले असते. लाक्सा या रस्सेदार नूडल्सचेही तसेच. दिसायला वरून फक्त नारळाचे दूध आणि टोफू, पण वाटणात कोळंबी.

चीन-जपानमध्ये 'शाकाहारी' शब्दाचे काय होते?

इथे भाषा आणि जेवण हे दोन प्रश्न एकमेकांत अडकतात. जपानी स्वयंपाकाचा पाया दाशी नावाच्या पाण्यावर उभा आहे. ते बहुतेक वेळा कोंबू या समुद्री शेवाळापासून आणि वाळवलेल्या बोनिटो माशाच्या किसापासून करतात. मिसो सूप, शिजवलेल्या भाज्या, नूडल्सचा रस्सा, सगळ्यांत ते येऊ शकते. वाढणाऱ्याला 'मांस नाही ना?' असे इंग्रजीत विचारले, तर तो प्रामाणिकपणे 'नाही' म्हणेल. मासा त्याच्या हिशेबात मांसात येत नाही आणि दाशी तर कुठल्याच हिशेबात येत नाही. तो खोटे बोलत नसतो. प्रश्नच अपुरा असतो.

चीनमध्ये गंमत उलटी आहे. तिथे बौद्ध परंपरेतले शाकाहारी जेवण असते, त्याला 'सु' म्हणतात. कडक बौद्ध पद्धतीत मांस-मासळीबरोबर कांदा, लसूण आणि त्यांच्या जातीच्या इतर उग्र भाज्याही वर्ज्य. म्हणजे जैन जेवणाच्या अगदी जवळ! पण बटाटा, गाजर, मुळा यांना तिथे मज्जाव नाही, त्यामुळे जैन प्रवाशाला ते पूर्ण चालत नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्या वारकरी घरातल्या प्रवाशाला मात्र 'बौद्ध शाकाहारी' हे दोन शब्द चिनी लिपीत मोबाइलवर दाखवणे 'व्हेज' म्हणण्यापेक्षा जास्त उपयोगी ठरेल. नुसते 'भाजी द्या' म्हटले तर ऑयस्टर सॉस घातलेली हिरवी भाजी समोर येण्याची शक्यता असते.

चीनने पूर्णपणे देशात बांधलेले पहिले मोठे क्रूझ जहाज 'अडोरा मॅजिक सिटी' १ जानेवारी २०२४ रोजी शांघायहून पहिल्या व्यावसायिक फेरीवर निघाले. पाच हजारांहून अधिक प्रवासी मावणारे हे जहाज चिनी कुटुंबांच्या आवडीनिवडी गृहीत धरून तयार झाले. तिथे परदेशी प्रवासी हा पाहुणा असतो. 'डायमंड प्रिन्सेस' जपानहून चालताना उद्घोषणा इंग्रजी व जपानी अशा दोन भाषांत होत आणि जहाजावर जपानी पद्धतीचे गरम पाण्याचे स्नानगृह आहे. नियम वाचून आत जावे, हे उत्तम.

सहप्रवासी म्हणजे फक्त योगायोग?

नाही. चीनमध्ये बरीच वर्षे प्रवासी कंपन्या अख्खे जहाज किंवा त्याचा मोठा भाग घाऊक भावात घेऊन तिकिटे विकत आल्या. काही वेळा एकच कंपनी आपल्या विक्रेत्यांना बक्षीस म्हणून सारे जहाज आरक्षित करते. ११ मार्च २०१७ रोजी 'कोस्टा सेरेना' दक्षिण कोरियाच्या जेजू बेटाला लागली तेव्हा सुमारे ३,४०० चिनी पर्यटकांनी जहाजातून उतरायलाच नकार दिला. अमेरिकेची 'थाड' क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवण्यावरून तेव्हा चीन-कोरिया संबंध ताणले होते. धक्क्यावर बसगाड्या आणि गाइड ताटकळत राहिले. वेगवेगळ्या देशांतले, स्वतंत्रपणे तिकीट काढलेले प्रवासी असते तर असे एकमताने घडले नसते.

भारतीयांनी यावर नाके मुरडण्याआधी आशियाबाहेरची एक घटना आठवावी. २०१८ मध्ये सिडनीहून निघालेल्या एका जहाजावर एका भारतीय कंपनीचे सुमारे १,३०० कर्मचारी होते. त्यांच्या वागण्याबद्दल इतर प्रवाशांनी इतक्या तक्रारी केल्या की क्रूझ कंपनीला पैसे परत करावे लागले. मोठा, एकजिनसी गट जहाजावर आला की तलाव, बार, लिफ्ट सगळ्यावर त्याचाच ताबा होतो. गट कोणत्या देशाचा, याने फरक पडत नाही.

वाढणारे हात कोणाचे?

प्रवासी बंदराप्रमाणे बदलतात, कर्मचारी मात्र फारसे बदलत नाहीत. फिलिपिन्स, भारत, इंडोनेशिया या देशांतले तरुण जगभरच्या क्रूझवर स्वयंपाक करतात, खोल्या आवरतात, सुरक्षा पाहतात. त्यांत गोवा आणि मुंबईतले अनेक जण असतात. बुफेत कोकणीत 'कितें जाय?' असे विचारणारा भेटला तर आश्चर्य नाही.

या कर्मचाऱ्यांवर काय वेळ येऊ शकते, हे फेब्रुवारी २०२० मध्ये योकोहामा बंदरात दिसले. 'डायमंड प्रिन्सेस'वर ३,७११ जण होते. प्रवाशांत निम्म्याच्या आसपास जपानी. भारतीय १३८, त्यांतले १३२ कर्मचारी आणि फक्त ६ प्रवासी. प्रवाशांना केबिनमध्ये विलग ठेवले गेले. कर्मचारी मात्र एकत्र राहून, एकत्र जेवून दिवसातून तीनदा ताटे दारोदार पोहोचवत राहिले. बाधित आढळलेल्या पहिल्या २० कर्मचाऱ्यांपैकी १५ जण अन्नसेवेतले होते. एकूण ७१२ जणांना लागण झाली. आम्हाला इथून बाहेर काढा, अशी विनवणी करणारे भारतीय कर्मचाऱ्यांचे व्हिडीओ तेव्हा देशभर पाहिले गेले आणि महिनाअखेरीस एअर इंडियाच्या विमानाने ११९ भारतीयांना आणण्यात आले.

धोक्याची सूचना कोणत्या भाषेत?

जेवणाची गैरसोय चार दिवस सोसता येते. आणीबाणीतली सूचना कळली नाही, तर मात्र जिवाशी गाठ. त्यासाठी आंतरराष्ट्रीय नियम आहेत. जहाजाने आपली कामकाजाची एक भाषा ठरवून नोंदवावी लागते. प्रवाशांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे निकष 'एसटीसीडब्ल्यू' करारात आहेत. त्या मार्गावरच्या प्रमुख राष्ट्रीयत्वांच्या भाषा, प्राथमिक इंग्रजी आणि गरज पडल्यास हातवारे, या सगळ्यांचा विचार त्यात येतो. मेख 'प्रमुख' या शब्दात आहे. शांघायहून निघालेल्या जहाजावर वीस मराठी प्रवासी असले, तरी ते प्रमुखांत मोडत नाहीत. त्यांना इंग्रजीवरच विसंबावे लागते.

१३ जानेवारी २०१२ रोजी इटलीजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडून ३२ जणांचा मृत्यू झाला. त्याच दिवशी जहाजावर चढलेल्या शेकडो प्रवाशांची सुरक्षा कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाला आणि २०१५ पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटताच ही कवायत घेणे बंधनकारक आहे.

करोनानंतर तिचे रूप बदलले. अनेक जहाजांवर आता सर्वांना एकत्र उभे करत नाहीत. मोबाइल ॲपवर किंवा केबिनमधल्या टीव्हीवर व्हिडीओ पाहायचा, मग आपल्या ठरलेल्या जागी जाऊन हजेरी लावायची. रांग वाचली हे खरे, पण कुटुंबातला एखादा कॉलेजकुमार सगळ्यांचे फोन घेऊन व्हिडीओ पुढे ढकलतो आणि आजी-आजोबांच्या नावापुढे खूण होते, हेही तितकेच खरे. त्यांना इंग्रजी येत नसेल तर तो व्हिडीओ घरच्या कोणीतरी मराठीत सांगायला हवा. सात छोटे आणि एक लांब भोंगा म्हणजे सामान्य आणीबाणी. तो ऐकला की लाइफ जॅकेट घेऊन कार्डावर लिहिलेल्या जागी जायचे आणि लिफ्ट वापरायची नाही.

तिकीट काढताना काय विचारावे?

जहाज कोणते, यापेक्षा ते त्या तारखांना कुठून सुटते, हे आधी. मग उद्घोषणा, मेनू आणि सुरक्षा व्हिडीओ कोणकोणत्या भाषांत आहेत. त्या फेरीवर एखादा मोठा गट आरक्षित आहे का, हे एजंट स्वतःहून सांगत नाही, पण विचारल्यावर क्रूझ कंपनीकडून माहिती काढू शकतो. जैन किंवा ॲलर्जीचे जेवण हवे असेल तर ते आरक्षणाच्या वेळीच लेखी नोंदवून त्याची पोच घ्यावी. जहाजाचा बहुतेक शिधा निघतानाच भरलेला असतो आणि मलाक्काच्या सामुद्रधुनीत पोहोचल्यावर तूरडाळ मागवायला वाणी सापडत नाही.